हवेतला जमाखर्च

भोपाळच्या शिवाजी नगरात झाडांवरून दोनदा मोठा विरोध उभा राहिला. पहिला २०१६ साली. स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत भोपाळचं नाव लागलं, तेव्हा शिवाजी नगर आणि तुलसी नगर इथली जुनी सरकारी निवासस्थानं पाडून नवं नगर उभारायचा बेत होता. लोक इतके चिडले की प्रकल्प टी. टी. नगरकडे हलवावा लागला. दुसरा २०२४च्या जूनमध्ये. मंत्री-आमदारांच्या नव्या घरांसाठी सुमारे २९ हजार झाडं जाणार अशी बातमी फुटली, बायका झाडांना कवटाळून उभ्या राहिल्या आणि सरकारला प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

या झाडांच्या शेंड्यांवरून दिवसरात्र एक वाहतूक चालू असते. शिवाजी नगरातल्या सहा नंबर स्टॉपच्या आसपास मान वर करून पाहिलं की गच्च्यांवरच्या मनोऱ्यांवर दोन प्रकारचे अँटेना दिसतात. उभे, लांबट पट्टे असतात ते आपल्या मोबाइलशी बोलतात. त्यांच्या बाजूला पांढऱ्या गोल डिश असतात, त्यांचा आपल्याशी थेट संबंध नसतो. अशी प्रत्येक डिश काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या मनोऱ्यावरच्या तिच्या जोडीदार डिशकडे तोंड करून उभी असते. पट्ट्यांनी गोळा केलेलं बोलणं, व्हिडिओ, पैशांचे व्यवहार, सगळं ती तिकडे पोचवते. जिथे फायबर पोचलेलं नाही तिथे मनोऱ्याचा जगाशी असलेला एकमेव धागा हाच. याला डिजिटल मायक्रोवेव्ह रेडिओ म्हणतात.

या डिश बसवणाऱ्या-सांभाळणाऱ्यांची स्वतःची बोली आहे. हॉप, फेड मार्जिन, फ्रेनेल झोन, के-फॅक्टर, डायव्हर्सिटी, थ्रेशोल्ड. दूरसंचार खात्यातले जुने कनिष्ठ अभियंते असोत की आज ठेकेदाराकडे रोजंदारीवर मनोरा चढणारा रिगर, शब्द तेच. बाहेरच्या माणसाला ते यंत्राच्या पोटातले वाटतात. नीट ऐकलं तर मात्र त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द जागेबद्दल बोलतो: टेकडी किती उंच, तलाव कुठे, झाड किती वाढलं, पाऊस कसा पडतो, हिवाळ्यात रात्रीची हवा कशी थरावर थर बसते. भोपाळसारख्या टेकड्या आणि तलावांच्या शहरात तर ही परिभाषा म्हणजे भूगोलाचाच एक धडा आहे, आणि तो ज्यांच्या डोक्यावर घडतो त्यांना माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला आली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची अनेक मराठी कुटुंबं सचिवालयाच्या नोकऱ्यांबरोबर इथल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आली. सणासुदीला घरी बोलायचं तर ट्रंक कॉल ‘बुक’ करून ताटकळत बसायचं. तो आवाज आधी खांबावरच्या तारांवरून जायचा. पुढे कोअॅक्सियल केबल आली, आणि बरोबरीने हवेतून जाणारी मायक्रोवेव्हची वाट.

नागपूर इथून सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटर. मायक्रोवेव्ह लहरी ढोबळमानाने सरळ रेषेत जातात, त्यामुळे दोन डिशनी एकमेकींना ‘बघायला’ हवं. म्हणून एवढं अंतर एका दमात तोडता येत नाही, ते टप्प्याटप्प्याने तोडतात. या टप्प्याला हॉप म्हणतात. एक हॉप ४० किलोमीटरचा धरला तर या अंतरात आठ हॉप होतात आणि मधे सात रिपीटर स्टेशनं लागतात. ही स्टेशनं बहुधा वस्तीपासून दूर, एखाद्या उंचवट्यावर. एक मनोरा, पायथ्याशी खोली, बॅटऱ्यांची रांग, डिझेल इंजिन. मनोऱ्यावरच्या डिशपासून खोलीतल्या यंत्रापर्यंत लंबगोल छेदाची तांब्याची पोकळ नळी उतरते, ती वेव्हगाइड. तिच्यात ओल शिरली की लहर विरते, म्हणून डिहायड्रेटर नावाचं छोटं यंत्र तिच्यात सतत कोरडी हवा दाबाखाली भरत राहतं. पावसाळ्यात त्यातल्या सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी पडले की ड्यूटीवरचा माणूस समजायचा, ओल आली. शेजारच्या स्टेशनशी बोलायला ऑर्डर वायर असायची. नावात वायर असली तरी तीही त्याच लहरीवरून जाणारी, कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेली वाट. एका टेकडीवरचा माणूस पुढच्या टेकडीवरच्याला रात्री-बेरात्री तिच्यावरून विचारायचा, ‘तुझ्याकडे फेड दिसतोय का?’ फेड म्हणजे सिग्नल क्षीण होणं. या माणसांना शिकवणारी जुनी संस्था मध्य प्रदेशातच आहे. जबलपूरचं दूरसंचार प्रशिक्षण केंद्र १९४२ सालचं. आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकरांच्या नावाने चालतं.

सुरुवातीची मायक्रोवेव्ह अॅनालॉग होती. त्यात एक दुखणं होतं. प्रत्येक रिपीटर आवाज मोठा करून पुढे पाठवायचा, पण त्यात मिसळलेली खरखरही तेवढीच मोठी करायचा. आठ हॉप ओलांडेपर्यंत आठ ठिकाणची खरखर साठलेली असायची. डिजिटलने हा प्रश्न मुळातून सोडवला. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहायचा. एका संभाषणाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. अशी ३० संभाषणं आणि सोबत ताळमेळ व इशाऱ्यांसाठी दोन राखीव खण, असे ३२ खण एकत्र केले की सेकंदाला २.०४८ मेगाबिटांचा प्रवाह होतो. कागदोपत्री हा ‘ई-वन’, बोलण्यात ‘टू एमबी’. अशा प्रवाहांची मोळी बांधत ८, ३४, १४० मेगाबिटांपर्यंत जायचं. आता रिपीटरला आवाज ओळखायचाच नसतो, समोर शून्य आहे की एक एवढंच ठरवायचं असतं. ते ठरलं की तो नवा, स्वच्छ बिट बनवून पुढे पाठवतो आणि मागची खरखर तिथेच संपते. भारतात या पद्धतीची पहिली यंत्रणा १९७५ साली मुंबई शहर आणि अंधेरी या टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये बसली, १९७६ साली पहिलं डिजिटल मायक्रोवेव्ह जंक्शन आलं, आणि १९७९ साली पुण्यात पहिली स्थानिक फायबर जोडणी झाली. चार-पाच वर्षांत आजच्या जाळ्याचे तिन्ही पाये घातले गेले, त्यातले दोन महाराष्ट्रात.

त्याहून मागे जायचं तर थेट जगदीशचंद्र बोसांकडे जावं लागतं. १८९५च्या सुमारास कोलकात्यात त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून, भिंतीपलीकडे पाठवून दाखवल्या होत्या. लहर दिशेने फेकणारा शिंगाच्या आकाराचा हॉर्न अँटेना त्यांनी वापरला होता, आणि आजच्या अनेक डिशच्या केंद्रस्थानी त्याचाच वंशज बसलेला असतो.

डिजिटलचा एक तोटाही आहे. अॅनालॉग लाइन बिघडायची ती हळूहळू. खरखर वाढायची, बोलणारे मोठ्याने बोलायला लागायचे. डिजिटल लाइन शेवटपर्यंत काचेसारखी स्वच्छ राहते आणि मग एकदम कोसळते. ती जिथे कोसळते त्या पातळीला थ्रेशोल्ड म्हणतात. दहा लाख बिटांत एक चुकला तर सहसा कुणाला कळत नाही. हजारात एक चुकू लागला की लिंक, म्हणजे दोन डिशमधली जोडणी, गेलीच समजा. ज्या सेकंदात चुकांचं प्रमाण हाताबाहेर जातं तो ‘सिव्हिअरली एरर्ड सेकंद’, आणि लिंकचं प्रगतिपुस्तक अशा सेकंदांच्या मोजणीने लिहिलं जातं. ‘पाच नाइन’ हे लिंकचं मोठं ध्येय, म्हणजे ९९.९९९ टक्के वेळ चालू: वर्षभरात बंद राहायची मुभा फक्त सव्वापाच मिनिटं. ‘चार नाइन’ला साडेबावन्न मिनिटं मिळतात. भोपाळच्या एका जोरदार सरीत सव्वापाच मिनिटं सहज संपतात, म्हणून पुढचा सगळा जमाखर्च मांडावा लागतो.

आता तो जमाखर्च एकदा करून बघू. उदाहरणासाठी शिवाजी नगरातल्या एका गच्चीवरून श्यामला हिल्स या टेकडीकडे लिंक टाकायची आहे असं धरू. अंतर सुमारे ५ किलोमीटर, लहर १५ गिगाहर्ट्झची. जमेच्या बाजूला तीन रकमा. रेडिओ १०० मिलीवॅट शक्ती देतो. डेसिबलच्या हिशेबात ते २० डीबीएम. दोन्ही टोकांना ६० सेंटिमीटरच्या डिश आहेत. शक्ती सगळीकडे उधळण्याऐवजी एका दिशेला गोळा केल्यामुळे त्या प्रत्येकी साधारण ३७ डीबीचा लाभ देतात. खर्चाच्या बाजूला एकच रक्कम, पण प्रचंड. मोकळ्या हवेतून पाच किलोमीटर जाताना लहर पसरत जाते आणि जवळजवळ १३० डीबी गमावते. वीस अधिक सदतीस अधिक सदतीस उणे एकशे तीस. शिल्लक उणे ३६ डीबीएम.

उणे ३६ डीबीएम म्हणजे एका मायक्रोवॅटचा पाव भाग. शंभर मिलीवॅट पाठवले, पोचलं एवढंच. तरीही हे भरपूर आहे, कारण आजचे रेडिओ उणे ६६ डीबीएमच्या आसपासपर्यंत दाट मांडणीची माहितीही वाचू शकतात. ३६ आणि ६६ यांच्यातलं हे ३० डीबीचं अंतर म्हणजे फेड मार्जिन, अडीअडचणीसाठी राखलेली गंगाजळी. पाऊस, पानं, धुकं, डिशचा बिघडलेला कोन, सगळे खर्च याच गंगाजळीतून भागवायचे. लिंक चांगली की वाईट हे मुख्यतः या एका आकड्यावर ठरतं.

कागदावरचा आकडा प्रत्यक्षात आणणं हे हाताचं काम आहे. डिशच्या मागे बसवलेल्या बाहेरच्या युनिटला ओडीयू म्हणतात. त्याच्या तळाशी एक छोटा गोल कनेक्टर असतो. रिगर कमरेला पट्टा अडकवून डिशच्या मागे उभा राहतो, त्या कनेक्टरला मल्टिमीटर लावतो आणि व्होल्टेज वाचतो. त्या व्होल्टेजवरून आलेल्या सिग्नलची पातळी कळते. मग डिशला धरून ठेवणाऱ्या बोल्टची एक पकड सैल करायची आणि डिश केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे हलवत राहायची. खालचा माणूस फोनवर समोरच्या मनोऱ्याशी बोलत असतो: ‘थांब, आता तू हलू नको, मी फिरवतो.’ दोघांनी एकाच वेळी फिरवलं की सगळं बोंबलतं. ६० सेंटिमीटरच्या या डिशचा मुख्य झोत साधारण सव्वादोन अंश रुंद असतो, पाच किलोमीटरवर तो २०० मीटर पसरतो. पण मुख्य झोताच्या आजूबाजूला साइड लोब नावाचे दुबळे झोतही असतात. घाईत फिरवताना एखाद्या साइड लोबवर आकडा चढतो, मग उतरतो, आणि नवख्याला वाटतं शिखर सापडलं. हिशेबाने उणे ३६ यायला हवं तिथे उणे ५८ येतंय, तरी लिंक चालू होते, हिरवा दिवा लागतो. बोल्ट आवळून माणूस खाली उतरतो. गंगाजळीतले बावीस डीबी तिथेच गेले. हे कळतं पहिल्या मोठ्या पावसात. अनुभवी माणूस म्हणूनच आधी कागदावरचा आकडा विचारतो आणि तो येईपर्यंत मनोऱ्यावरून उतरत नाही. बिघाड शोधतानाही पहिली युक्ती ठरलेली: ‘लूप टाकून बघ’. म्हणजे पाठवलेला प्रवाह एका टप्प्यावर परत फिरवायचा. परत आलेला स्वच्छ असेल तर तिथपर्यंतचं सगळं ठीक, दोष पुढे.

आता झाडं. दोन डिशमध्ये दोरी ताणल्यासारखी मोकळी रेषा असली की पुरे, असा अनेकांचा समज असतो. लहरीला मात्र त्या रेषेभोवती लांबट, मधे फुगीर अशी मोकळी जागा लागते. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने तिला फ्रेनेल झोन म्हणतात. आपल्या पाच किलोमीटरच्या लिंकसाठी मधोमध या झोनची त्रिज्या पाच मीटर येते, आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे रेषेच्या खाली तीन मीटर, कायम मोकळा ठेवायचा हा नियम. आंबा, कडुनिंब, पिंपळ यांनी भरलेल्या वस्तीत हे तीन मीटर फार मोलाचे ठरतात. सर्वेक्षण पानगळीनंतर केलं आणि विरळ फांद्यांवरून हिशेब केला, तर ऑगस्टमध्ये ओली, दाट पालवी त्याच जागेत उभी असते. ओलं पान या लहरी चांगल्याच गिळतं. शिवाय झाड दरवर्षी वाढतं. आज दोन मीटर खाली असलेला शेंडा काही वर्षांत झोनमध्ये शिरतो. चांगला नियोजक उंचीच्या नकाशावर झाडांची आजची उंची आणि पुढच्या वाढीची सोय दोन्ही टिपतो. घाईतला नियोजक टिपत नाही, आणि मग एक दिवस कुणीतरी कुऱ्हाड घेऊन येतो.

इथे मला ठाम बोलायचं आहे. लिंकसाठी फांदी छाटावी लागते असं कुणी सांगितलं तर ते तांत्रिक सत्य म्हणून मान्य करू नये. डिश तीन मीटर वर सरकवता येते, दुसऱ्या गच्चीकडे वळवता येते, जास्त गिगाहर्ट्झची लहर घेऊन झोन अरुंद करता येतो. वस्तीतल्या माणसाने चार प्रश्न विचारावेत: हॉप किती लांबीचा, लहर कोणत्या पट्ट्यातली, डिशच्या मध्याची उंची किती, आणि मधल्या झाडांची उंची कोणत्या साली मोजली? प्रत्येक लिंकच्या नियोजनाच्या कागदावर ही उत्तरं असतात. ज्या वस्तीने दोनदा आपली झाडं राखली, तिच्या हातात हे चार प्रश्न नक्की शोभतील.

या डिशबद्दलची भीतीही इथेच बोलून घेतो, कारण तिच्यापायी अनेक सोसायट्यांत भांडणं होतात. गोल डिशमधून निघणारी शक्ती साधारण शंभर मिलीवॅटच्या आसपास असते आणि ती सव्वादोन अंशांच्या झोतात, माणसांच्या डोक्यांवरून जाते. मोबाइलशी बोलणारे लांबट पट्टे मात्र दहा-वीस वॅटच्या घरात शक्ती खाली वस्तीकडे सोडतात. उत्सर्जनाचे नियम या पट्ट्यांना डोळ्यांसमोर ठेवून आहेत; भारताने १ सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. तक्रार करायची तर मोजणी मागावी, आणि ती पट्ट्यांची मागावी.

शहराबाहेर पडलं की हिशेब बदलतो. श्यामला हिल्सवरून सीहोरच्या दिशेने रेषा ओढली तर ती बराच काळ मोठ्या तलावाच्या पाण्यावरून जाते. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेला हा तलाव भरला की त्याचं पाणी समुद्रसपाटीपासून १६६६.८० फुटांवर असतं. शांत पाणी या लहरींसाठी आरसा असतं. एक लहर थेट जाते, दुसरी पाण्यावर आपटून, किंचित उशिरा पोचते. दोघी एका लयीत पोचल्या तर ठीक. उलट लयीत पोचल्या की एकमेकींना पुसून टाकतात आणि रेडिओला काहीच ऐकू येत नाही. याला मल्टिपाथ फेडिंग म्हणतात. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याअखेर तलावाची पातळी वेगळी असते, त्यामुळे दोन्ही वाटांमधला फरकही ऋतूप्रमाणे बदलतो. यावरचा उपाय भारी साधा आहे. त्याच मनोऱ्यावर काही मीटर खाली आणखी एक डिश लावायची. वरच्या डिशवर दोन लहरी एकमेकींना पुसत असतील त्याच क्षणी खालच्या डिशवर त्या सहसा एकमेकींना साथ देत असतात, आणि रेडिओ जी चांगली असेल ती उचलतो. ही स्पेस डायव्हर्सिटी. मोठ्या मनोऱ्यावर एकाच दिशेला तोंड केलेल्या दोन डिश एकीखाली एक दिसल्या तर समजावं, इथे पाणी किंवा लांब सपाट मैदान आडवं आलं आहे.

पृथ्वी गोल आहे हेही लांबच्या हॉपला मोजावं लागतं. ४० किलोमीटरच्या हॉपच्या मधोमध जमीन सुमारे साडेतेवीस मीटर फुगलेली धरतात. खरं तर फुगवटा यापेक्षा जास्त आहे. पण हवा जमिनीलगत दाट आणि वर विरळ असल्याने लहर थोडी खाली वाकते आणि पृथ्वी आहे त्यापेक्षा सपाट असल्यासारखं काम होतं. हे वाकणं मोजणारा आकडा के-फॅक्टर. नेहमीचा के चार तृतीयांश. हवेचे थर बिघडले आणि के दोन तृतीयांशावर आला तर तोच फुगवटा ४७ मीटरांवर जातो; ज्या मनोऱ्याची उंची नेमकी बेतलेली असेल त्याची लिंक त्या रात्री जाते. डिसेंबर-जानेवारीत भोपाळची स्वच्छ, वारा नसलेली रात्र असते तेव्हा उलट घडतं. जमीन लवकर गार होते, तिच्यावर थंड हवेचा थर आणि त्यावर उबदार थर. अशा थरात लहर अडकून नळीतून गेल्यासारखी दूरवर जाते, आपल्या डिशला चुकवते आणि भलत्याच, काही हॉप पुढच्या डिशच्या कानात घुसते. म्हणूनच जुन्या मार्गांवरची रिपीटर स्टेशनं मुद्दाम सरळ रेषेत न ठेवता नागमोडी ठेवत. नकाशावर मार्ग वेडावाकडा दिसतो, त्यामागे हिवाळ्यातली रात्र असते.

शहरात मनोऱ्यांचं कडं बांधतात, म्हणजे एक हॉप तुटला तर उलट्या दिशेने वाहतूक फिरवता येते. प्रत्येक लिंकमध्ये लहरींच्या दोन पट्ट्यांची जोडी असते, एक वरची, एक खालची. एका मनोऱ्याने वरची वापरून पाठवायचं तर समोरच्याने खालची. मनोरा एकदा ‘हाय’ ठरला की तिथून निघणाऱ्या सगळ्या लिंकना तो ‘हाय’च असायला हवा, नाहीतर त्याचं स्वतःचं पाठवणंच त्याच्या शेजारच्या डिशला बधिर करून टाकतं. कड्यात मनोऱ्यांची संख्या सम असेल तर हाय-लो-हाय-लो बरोबर बसतं. विषम असेल तर कुठेतरी दोन सारखे शेजारी येतातच. पाचच्या कड्यात सहावा मनोरा का वाढवला, असा प्रश्न पडला तर बऱ्याचदा उत्तर एवढंच असतं.

आणि पाऊस. भोपाळला वर्षाला सरासरी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण मायक्रोवेव्हला वर्षाच्या बेरजेशी देणंघेणं नसतं. त्या क्षणी तासाला किती मिलिमीटरच्या वेगाने पडतोय, हेच महत्त्वाचं. तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत ७ गिगाहर्ट्झची लहर किलोमीटरमागे ०.६ डीबी गमावते, १५ गिगाहर्ट्झची साडेतीनहून थोडी जास्त आणि ८० गिगाहर्ट्झची जवळपास १९. थेंब पडताना आडवा चपटा होतो, म्हणून आडव्या ध्रुवीकरणाच्या लहरीला उभ्या लहरीपेक्षा जास्त फटका बसतो. हॉप लांबला की ‘व्ही’, म्हणजे उभं (व्हर्टिकल) ध्रुवीकरण घे, हा रिगरांचा ठोकताळा तिथूनच आला. आपल्या पाच किलोमीटरच्या लिंकवर तासाला १०० मिलिमीटरची सर पूर्ण वाटभर कोसळली तर चाळीस डीबी जातात. गंगाजळी तीसची होती. लिंक पडायला हवी.

पूर्वी पडायची. आता अॅडॅप्टिव्ह मॉड्युलेशन आहे. एका लहरीच्या एका ठोक्यावर किती बिट लादायचे हे रेडिओ हवामान बघून ठरवतो. स्वच्छ हवेत २५६ क्यूएएम, म्हणजे ठोक्यामागे आठ बिट. सर वाढली की ६४ क्यूएएम, सहा बिट. मग १६, चार बिट. शेवटी क्यूपीएसके, फक्त दोन. बिट कमी लादले की ते ओळखायला सोपे, आणि थ्रेशोल्ड वीसएक डीबी खाली जातो. तीसची गंगाजळी पन्नासची होते, चाळीसचा पाऊस निभावतो. वाहतुकीची क्षमता मात्र चौथाईवर येते. मग कुणाला आधी सोडायचं याची रांग ठरलेली असते: बोलणं आधी, व्हिडिओ शेवटी. भर पावसात शिवाजी नगरात फोन लागतो, निरोप जातो आणि मॅचचा व्हिडिओ फिरत राहतो, तेव्हा गुन्हेगार बहुधा मोबाइल नसतो. कुठल्यातरी गच्चीवरचा रेडिओ २५६वरून उतरून दोन बिटांवर आलेला असतो.

कोशांतल्या शब्दांबद्दल थोडं. केंद्राच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने आणि महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने अशा विषयांसाठी पारिभाषिक शब्द घडवले आहेत, पाठ्यपुस्तकांना ते लागतातच. मनोऱ्यावर मात्र हॉप आणि फेडच चालतात, आणि तीस मीटर उंचीवर, वाऱ्यात, दोन अक्षरांच्या शब्दांची किंमत मोठी असते. मला त्यात वावगं दिसत नाही. हे शब्द मराठी वाक्यात इतके मुरले आहेत की ‘हॉप पडला’, ‘फेड मारतोय’ असं बोलताना कुणाची जीभ अडत नाही. कमतरता आहे ती त्यांचा अर्थ मराठीत लिहून ठेवण्याची.

आता पुढचा वाद ई-बँडचा आहे: ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झ. फाइव्ह-जीच्या मनोऱ्याला जेवढी क्षमता लागते ती जुन्या २८ मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यांत भागत नाही, आणि ई-बँडमध्ये २५० मेगाहर्ट्झ रुंदीचे पट्टे मिळतात. २०२३च्या दूरसंचार कायद्याने मनोऱ्यांना जाळ्याशी जोडणाऱ्या अशा बॅकहॉल लहरी लिलावाविना, प्रशासकीय पद्धतीने वाटण्याच्या यादीत ठेवल्या. पण ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत इथे अर्ध्या अंशापेक्षाही अरुंद होतो; मनोरा वाऱ्यात डोलला तरी लिंक डळमळते. आणि जोरदार सरीत किलोमीटरमागे १९ डीबी जाणार असतील तर पाच किलोमीटरचा हॉप विसरावाच लागतो. एक-दीड किलोमीटर, फार तर दोन. म्हणजे शहरात मनोरे वाढणार किंवा फायबर वाढणार.

माझं मत फायबर आणि रेडिओ दोन्ही ठेवावेत असं आहे, आणि त्यामागचं कारण भोपाळच्या ऋतूंत आहे. फायबर तुटतं ते मुख्यतः खोदकामाने. रस्ता, नळ, गटार यांची खोदाई कोरड्या महिन्यांत जोरात असते. पावसाला फायबर जुमानत नाही. ई-बँडची लिंक मोडते ती पावसाळ्यातल्या काही मिनिटांत, बाकी वर्षभर तिला जेसीबीची भीती नसते. १ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या राइट ऑफ वे (मार्गाधिकार) नियमांनुसार खांब आणि चर या दोन्हींसाठी परवानगीचे अर्ज करावे लागतात. ते तपासताना एकाच मनोऱ्याच्या दोन्ही वाटा शेजारी ठेवून बघितल्या, कोणती कोणत्या महिन्यात दगा देते हे मांडलं, तर खर्च फारसा वाढत नाही. शिवाजी नगरासारख्या वस्तीत चर रस्त्याच्या कडेने, मुळांपासून हात राखून जावा, आणि रेडिओचा हॉप दीड किलोमीटरच्या आत ठेवावा.